अभ्यास स्क्रीनवर, पेपर कागदावर

पेपर सुटायला वीस मिनिटं उरली होती आणि माझा हात चालेना. अंगठ्याच्या मुळाशी कळ, मधल्या बोटावर पेनाचा खड्डा आणि समोर पंधरा मार्कांचा अख्खा प्रश्न कोरा. उत्तर येत होतं हो! मीडिया लॉचा पेपर होता. आदल्या रात्री तीन रंगांत हायलाइट केलेली नोट डोळ्यांसमोर दिसत होती, कुठल्या कोपऱ्यात कुठला बाण काढलाय तेही आठवत होतं. फक्त लिहिता येत नव्हतं. पाचव्या सेमिस्टरला मी पहिल्यांदाच सगळा अभ्यास टॅबवर केला होता. जूनपासून पेन हातात धरलं ते बहुतेक हजेरीच्या सहीपुरतं.

हे वाचून ‘बघ, सांगत होतो ना’ म्हणायला तुमच्या घरचे टपलेलेच असतील, म्हणून आधीच सांगून टाकते. हा लेख टॅबच्या विरोधात नाही. माझा टॅब अजून माझ्याकडेच आहे, यातला अर्धा लेख लोकलमध्ये त्याच्यावरच लिहिलाय. पण टॅब घ्यायचा म्हटलं की आपण विचारतो काय? कुठला ब्रँड, किती इंच, पेन सोबत येतं की वेगळं घ्यावं लागतं. यात एक गोष्ट विचारायची राहून जाते: आपला अभ्यास कुठे चाललाय आणि आपली परीक्षा कुठे उभी आहे? या दोन्हींत सध्या बरंच अंतर पडलंय आणि त्याचं बिल तुम्ही-आम्ही भरतोय.

बिल म्हणजे खरंखुरं बिल. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. वह्या, लॅबच्या वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर यांवरचा कर शून्यावर आला. वह्यांवर आधी १२ टक्के होता. छापील पुस्तकांवर तर पूर्वीपासूनच कर नाही. टॅबवर मात्र १८ टक्के होता, तो तसाच राहिला. दुकानात २० हजारांना मिळणाऱ्या टॅबमध्ये साधारण ३,०५० रुपये नुसता कर असतो, हिशोब करून बघा. गंमत म्हणजे त्याच दिवशी मोठ्या स्क्रीनचे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८वर आले. म्हणजे कराच्या यादीत वही हे शिक्षणाचं साधन आणि टॅब टीव्हीच्या रांगेत. आमच्या बाबांचंही नेमकं हेच मत आहे.

आता दुसरी बाजू बघा. २५ नोव्हेंबर २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि जवळपास १३ हजार ई-जर्नल्स. केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या ६,३००हून अधिक संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक यांना ती मिळावीत अशी कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण हे सगळं येणार पीडीएफच्या रूपात. दोन कॉलमांत छापलेला तीस पानी रिसर्च पेपर मोबाइलवर वाचून बघितलाय कधी? एक ओळ वाचायची, बोटाने डावीकडे सरकवायचं, परत वर जायचं. तिसऱ्या पानावर माणूस रील बघायला लागतो. प्रिंट काढायची तर झेरॉक्सवाल्याचं बिल. म्हणजे वाचायला दिलंय भरपूर, पण ज्याच्यावर ते धड वाचता येईल ती वस्तू १८ टक्क्यांवर. (तुमचं कॉलेज खासगी संस्थेचं असेल तर या योजनेत ते आहे की नाही, हे आधी ग्रंथपालांना विचारा. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यांना फार क्वचित भेटतो, त्यामुळे चहासुद्धा मिळू शकतो.)

टॅबचं खरं काम हे आहे: पीडीएफ वाचणं. बाकीचं नंतर. लॉ करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृतपणे प्रसिद्ध झालेले निकाल जानेवारी २०२३पासून ई-एससीआरवर फुकट मिळतात, काहींचे मराठी अनुवादही आहेत. राज्यशास्त्र, समाजशास्त्रवाल्यांना डॉ. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचे खंड पीडीएफमध्ये मोफत उपलब्ध आहेत. एकेक खंड हातात धरून झोपलात तर नाक फुटेल इतका जाड, आणि टॅबमध्ये सगळे मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. इंजिनीअरिंग करणारा माझा मावसभाऊ स्क्रीनच्या अर्ध्या भागात लेक्चर लावतो आणि उरलेल्या अर्ध्यात स्टायलसने गणितं सोडवतो. चुकलं की पुसतो, व्हिडिओ मागे नेतो, परत सोडवतो. ‘ताई, माझ्या रद्दीचा प्रॉब्लेम सुटला,’ एवढंच त्याचं म्हणणं.

आणि लोकलमध्ये? डोंबिवलीहून सकाळी आठच्या फास्टने निघणाऱ्या बाईला टॅब बॅगेतून काढण्याएवढी जागा मिळणं हाच एक योग असतो. चौथी सीट मिळाली तरी कोपर बाहेर, टॅब आत. दिवा येईपर्यंत मी निम्मं पान वाचते. ‘प्रवासात अभ्यास’ असं जाहिरातीत दाखवतात ना, त्यातली ती मुलगी बहुतेक यार्डातून बसून येत असावी.

मराठीतून शिकणाऱ्यांचा एक वेगळाच घोळ आहे आणि त्याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूमध्ये काही सापडत नाही. टॅबचा मोठा फायदा काय सांगतात, तर सर्च. चारशे पानांतून हवा तो शब्द क्षणात शोधा. इंग्रजीत हे खरं आहे. मराठीतल्या कितीतरी जुन्या अभ्यास-पीडीएफ एक तर पानांचे स्कॅन केलेले फोटो असतात, नाहीतर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. श्रीलिपी, कृतिदेव ही नावं डीटीपीवाल्यांना विचारा. अशा फाइलमध्ये डोळ्यांना ‘लोकशाही’ दिसतं, पण यंत्राच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. सर्च चालत नाही. कॉपी करून पेस्ट केलं तर भलतंच काही उमटतं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बडबडायला लागतं, म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी ती फाइल जवळजवळ बंदच. हाताने लिहिलेल्या नोट्सचंही तेच. माझ्या ॲपला माझं इंग्रजी अक्षर ओळखता येतं, मराठी लिहिलं की ते चित्र समजतं. त्यामुळे एकच टॅब घेऊन इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी जेवढं वसूल करतो, तेवढं मराठी माध्यमाचा करू शकत नाही. किंमत मात्र दोघांना सारखीच. अपवाद आहेत. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, शोधता येतो, फुकट आहे. एफवायला कुणी हे आधी सांगितलं असतं तर माझे दोन प्रोजेक्ट सुधारले असते.

आता त्या व्हॉट्सॲप फॉरवर्डकडे येऊ. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल: ‘हाताने लिहिल्याने मेंदू अधिक चालतो, शास्त्रज्ञांचं सिद्ध झालेलं संशोधन’. आमच्याकडे काकांनी टाकला होता, खाली ‘टॅबवाल्यांसाठी’ आणि डोळा मारणारा इमोजी. मी इंटर्न असल्यामुळे मूळ पेपर शोधायची सवय लागलीय, म्हणून शोधला. नॉर्वेतल्या दोन संशोधकांचा, जानेवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेला. ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला सेन्सर लावून हाताने लिहिताना आणि टाइप करताना मेंदूत काय होतं ते मोजलं. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संपर्क जास्त दिसला. इथपर्यंत काका बरोबर. पण ती मुलं लिहीत होती कशावर? टचस्क्रीनवर, डिजिटल पेनने! आणि टाइप करत होती एकाच बोटाने. शिवाय लिहिलेलं त्यांच्या लक्षात किती राहिलं, याची परीक्षा त्यात नव्हतीच. म्हणजे टॅबविरोधात फिरवला जाणारा पुरावा खरं तर स्टायलसच्या बाजूचा निघाला. मी हे ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला आणि विषय बदलला.

वाचण्याबद्दलचं संशोधन मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही. २०१८मध्ये २०००पासूनच्या ५४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात मिळून १ लाख ७० हजारांहून जास्त लोक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर जास्त समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. गोष्टी-कादंबऱ्या वाचताना तसा फरक आढळला नाही. म्हणजे रात्री टॅबवर कादंबरी वाचायला हरकत नाही, पण परीक्षेच्या आदल्या दिवशी घाईघाईने इकॉनॉमिक्स वाचत असाल तर कागद बरा. ‘आम्ही स्क्रीनवरच वाढलोय, आम्हाला सवय आहे’ असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होते. पण या विश्लेषणात काळानुसार कागद आणि स्क्रीनमधला फरक कमी होत गेला नाही, वाढत गेला.

स्वीडनचं उदाहरणही सारखं कानावर येतं. तिथल्या सरकारने २०२३मध्ये शाळांना छापील पुस्तकांसाठी ६८.५ कोटी क्रोनर दिले, हे खरं. पण तो निर्णय शाळकरी मुलांसाठी आहे. तो एम.कॉम.च्या विद्यार्थ्याला चिकटवू नये.

मला जास्त खटकतं ते आपल्याकडचं. आपल्या विद्यापीठांनी तंत्रज्ञान नाकारलंय असं नाही. मुंबई विद्यापीठाचा २०१७चा उन्हाळा आठवत असेल, किंवा दादा-ताईंनी सांगितला असेल. उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी त्या स्क्रीनवर तपासायच्या, असं ठरलं. तयारी अपुरी होती. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन् महिने रखडले, कुणाचे परदेशातले प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवलं गेलं. त्या गोंधळात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही: स्क्रीन आली ती तपासणाऱ्यापुढे. लिहिणारा कागदावरच राहिला. आजही परीक्षा हॉलमध्ये आपण निळ्या बॉलपेनने पुरवण्या भरतो, दोऱ्याने बांधतो आणि सुपरवायझर ‘शेवटची दहा मिनिटं’ म्हणून ओरडतात.

आणि हे बदलतंय म्हणावं तर काही ठिकाणी उलट दिशेने. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा पूर्वी बहुतांश वस्तुनिष्ठ होती, पर्यायांपुढचे गोल काळे करायचे. आयोगाने ती यूपीएससीसारखी वर्णनात्मक करायचं ठरवलं, तेव्हा तयारीला वेळ द्या म्हणून २०२३च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली होती. मग तो बदल २०२५वर गेला. ते २०२५ही आलं. म्हणजे पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये जी हजारो मुलं टॅबवर टेस्ट सिरीज सोडवतायत, त्यांना मुख्य परीक्षेत तासन्‌तास हाताने लिहायचंय. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत राहणाऱ्या मैत्रिणीला मी फोन केला तर ती म्हणाली, ‘टॅब आहे गं, पण आता सकाळी उठून दोन उत्तरं घड्याळ लावून कागदावर लिहिते. पहिल्या आठवड्यात सात मिनिटांत पान भरत नव्हतं.’ मला माझा मीडिया लॉ आठवला.

सरकारला विद्यार्थ्याच्या हातात टॅब नकोय, असंही नाही. ‘आकाश’ आठवतोय? मी आठ वर्षांची होते. ५ ऑक्टोबर २०११ला दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी तो समोर आणला. ‘जगातला सर्वांत स्वस्त टॅब’ म्हणून जगभर बातम्या झाल्या. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडत होता. सात इंची स्क्रीन, २५६ एमबी रॅम आणि जोरात दाबल्याशिवाय न कळणारा टच. तक्रारी वाढल्या, पुढे काम आयआयटी मुंबईकडे आलं, नोव्हेंबर २०१२मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुधारित ‘आकाश २’ आला. त्यानंतर तो हळूहळू विरला. वस्तू स्वस्त करण्यावर सगळा जीव ओतला गेला. त्या वस्तूवर कुठला अभ्यासक्रम, कुठल्या भाषेत, कुठल्या परीक्षेसाठी, हे मागेच राहिलं.

आताच्या योजना जास्त शहाण्या आहेत, पण त्यांची नजर एकाच ठिकाणी आहे. आपल्याकडे महाज्योती संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, दहावीनंतर सायन्सला गेलेल्या मुलामुलींना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी मोफत टॅब आणि रोज ६ जीबी डेटा देते. ज्याच्या गावात क्लास नाही त्याला याने केवढा आधार होतो, हे मी शहरात बसून वेगळं सांगायला नको. पण यादी परत बघा. आर्ट्स नाही, कॉमर्स नाही, डिग्रीची तीन-चार वर्षं नाहीत. यंत्रणेच्या डोक्यात टॅब म्हणजे एंट्रन्सचं यंत्र. एकदा कॉलेजात शिरलात की पुढे तुमचं तुम्ही बघा.

तर आपलं आपण बघायचं म्हणजे काय, तर ईएमआय. ‘नो कॉस्ट’वाला. यात कॉस्ट नसते असं समजू नका. एक तर रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही, नाहीतर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी मागून येतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं. युनेस्कोच्या २०२३च्या जागतिक अहवालात एक आकडा आहे, तो मी माझ्या कपाटावर चिकटवलाय: शिक्षणातली तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांनी बदलतात. तीन वर्षांची डिग्रीही ३६ महिन्यांची. नव्या धोरणात चौथं वर्ष केलंत तर तुमच्या टॅबला अपडेट मिळायचे कदाचित बंद झालेले असतील आणि तुम्ही अजून सबमिशन करत असाल.

माझ्याकडून काय चुकलं ते नंतर नीट कळलं. मी टॅबवर लिहीतच नव्हते. सरांची स्लाइड उचलायची, पानावर चिकटवायची, वर गुलाबी हायलाइट, बाजूला छान चौकट. बघणाऱ्या मैत्रिणी म्हणायच्या, काय भारी नोट्स आहेत तुझ्या! तासाभरात स्वतःच्या शब्दांत चार ओळीसुद्धा नसायच्या. वहीत सरांचा वेग पकडताना आपोआप गाळणं व्हायचं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते. टॅबने सोडायची गरजच संपवली. सहाव्या सेमिस्टरला मी वाचन टॅबवर ठेवलं, पण प्रत्येक युनिट संपलं की टॅब पालथा घालून एक प्रश्न फुलस्केपवर लिहायला लागले, वेळ लावून. पहिल्या दोन आठवड्यांत हात दुखला, मग सरावला. त्या सेमिस्टरला एकही प्रश्न सुटला नाही. पाचव्याचे मार्क मात्र कायमचे मार्कशीटवर बसलेत.

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून माझ्या मामेबहिणीचा मेसेज आला. एसवाय बी.कॉम., मराठी माध्यम. ‘ताई, वर्गात सगळ्यांकडे टॅब आलाय. पप्पा हो म्हणालेत, पण ट्रॅक्टरचा हप्ता चालूए. घेऊ का?’ मी तिला तीन गोष्टी विचारल्या. तुमच्या सरांच्या पीडीएफमध्ये शब्द सर्च होतात का? परीक्षा कशावर असते? फोनवर वाचताना सगळ्यात जास्त काय अडतं? तिने दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवलं. सर्च होत नाही. परीक्षा कागदावर. अडतं ते फक्त अकाउंट्सच्या मोठ्या तक्त्यांपाशी, ते फोनवर मावत नाहीत.

‘मग तक्त्यांच्या प्रिंट काढते,’ तिने लिहिलं, ‘किती होतील, शंभर पानं?’ आणि पाच मिनिटांनी परत: ‘ताई, पण तू नवा घेशील तेव्हा तुझा जुना मला देशील का?’